कॉटच्या क्रमानं

पुरुषांच्या सर्जरी वॉर्डात तिला सगळे मुद्दाबाई म्हणतात. तोंडावर सिस्टर, पाठ फिरली की मुद्दाबाई. तिला हे ठाऊक आहे. हरकत घ्यायची तर दोन वाक्यं खर्ची पडतात आणि ती एकावर भागवणारी, त्यामुळे नाव तसंच चिकटून राहिलं. नातेवाईक काकुळतीनं विचारतात, "सिस्टर, आमच्या भाऊंचं कसं काय?" ती म्हणते, "ताप आहे, उतरतोय, भेटायची वेळ संपली." नवऱ्यानं लग्नाच्या नव्या नवलाईत एकदा लाडात येऊन विचारलं होतं, माझ्यातलं तुला काय आवडलं? ती म्हणाली, "घोरत नाहीस." बिचारा अजून त्या वाक्यात कौतुक शोधतोय.

पण ही बाई जन्मतः अशी नव्हती. नोकरीला लागली तेव्हा तिचं बोलणं म्हणजे पाहुण्यांना निरोप देणं: दारात उभं राहून सुरू व्हायचं आणि फाटकापर्यंत संपायचं नाही. त्यालाही कारण होतं. तिचे वडील बस डेपोत हेड मेकॅनिक. इंजिन कितीही तापलं तरी शांत राहायचे, घरात मात्र भांडं पडलं तरी भडकायचे. त्यामुळे घरात आईनं एक शिस्त घालून दिली होती: वाईट बातमी सगळ्यात शेवटी, आणि तीही वडिलांचं जेवण झाल्यावर. आधी नळाला पाणी किती वेळ आलं, मग शेजारच्या मांजरीला पिल्लं किती झाली, मग मावशीचा गुडघा, आणि वडिलांचे डोळे जड व्हायला लागले की अगदी हळूच, जाता जाता, "आणि हो बाबा, दादाचा निकाल लागला. जरा दोन विषय राहिलेत." वडील "हं" म्हणून कुशीवर वळायचे. सकाळी आरडाओरडा व्हायचाच, पण तोवर दादा घराबाहेर सटकलेला असायचा.

या कामात तिचा हात कोणी धरत नव्हतं. काकाची नोकरी गेली, आत्याचं लग्न मोडलं, भिंतीवरचं घड्याळ फुटलं, सगळ्या बातम्या तिच्याच तोंडून गेल्या. 'जरा' हा शब्द तर ती उशीसारखा वापरायची; कुठलीही टोकदार गोष्ट आधी त्याच्यावर ठेवायची आणि मग पुढे सरकवायची. आई अभिमानानं सांगायची, "पोरीला वळण आहे."

हे वळण घेऊन ती वॉर्डात आली.

वॉर्ड म्हणजे एक लांबच लांब खोली. दाराशी सिस्टरचं टेबल, टेबलावर फोन. तिथून भिंतीच्या कडेनं कॉट सुरू व्हायच्या त्या थेट पलीकडच्या खिडकीपर्यंत. दाराजवळची एक नंबर, खिडकीजवळची शेवटची. रविवारी सकाळचा राउंड झाला की मोठे सर घरी जायचे आणि मग दिवसभर वॉर्ड फोनवर चालायचा. सरांचे हात सोन्याचे होते, हे त्यांचे शत्रूही कबूल करत. कान मात्र उसने आणल्यासारखे, कधी परत मागतील नेम नाही.

पूर्वी म्हणे सिस्टर लोक रविवारी वाटेल तेव्हा फोन करायचे. याला खाज सुटली, कर फोन. त्याची सलाईनची सुई सुजली, कर फोन. एकदा सर भर वॉर्डात कडाडले, "मी डॉक्टर आहे की चौकशीची खिडकी?" तेव्हापासून थोरल्या सिस्टरनी, म्हणजे वॉर्डच्या इनचार्जनी, रीत पाडली. रविवारी दुपारी सरांचं जेवण झालं की एकच फोन करायचा. सगळ्यांचं सगळं त्यातच सांगायचं, आणि कॉटच्या क्रमानं सांगायचं. सर घरी आरामखुर्चीत डोळे मिटून वॉर्ड डोळ्यांसमोर आणत आणि दारापासून चालायला लागत. "एक नंबर?" "पोट साफ नाही सर." "औषध दे. तीन?" कुणी मध्येच सात नंबरवर उडी मारली की सर डोळे उघडत आणि मग बोलणाऱ्याची धडगत नसे. ही रीत सगळ्यांना इतकी सोयीची वाटली की तिच्यात काही खोट असेल असं कुणाच्या मनातही आलं नाही. खोट एवढीच होती की दुखणं नंबर बघून येत नाही.

त्या रविवारी शेवटच्या कॉटवर शिंपीकाका होते. आतड्याचं ऑपरेशन होऊन एक-दोन दिवस झालेले. माणूस भारी खोडीचा. पडल्या पडल्या प्रत्येकाच्या कपड्यांना नावं ठेवायचा. सरांचा कोट बघून बायकोला म्हणाला होता, "हा कोट शिवणाऱ्याला आधी ॲडमिट करा." वॉर्डबॉयला म्हणाला, "तुझ्या पँटची शिलाई बघून माझे टाके दुखायला लागले." आणि हिला म्हणाला होता, "पोरी, तुझ्या गणवेशाचा डावा खांदा उतरलाय. असं वाटतं, कुणीतरी सारखं ओझं देतंय." काकू बाजूच्या स्टुलावर बसून कपाळावर हात मारायच्या. "ऐकू नका हो सिस्टर, चाळीस वर्षं मी ऐकतेय. माझा एकही ब्लाउज यांना पसंत नाही, आणि शिवलेत सगळे यांनीच."

दुपारी ती औषधं वाटत खिडकीपाशी पोचली तेव्हा काकू म्हणाल्या, "सिस्टर, आज यांनी सकाळपासून कुणालाच नावं ठेवली नाहीत."

"दमले असतील."

"तेच म्हटलं मी. पण आत्ता शेजारच्यांचा मुलगा आला होता, अंगात हिरवा सदरा आणि त्याला जांभळी बटणं. यांनी बघितलं आणि डोळे मिटले. जांभळी बटणं बघून गप्प बसणारा माणूस नाही हो हा."

नवी असली तरी पोर कामाला कच्ची नव्हती. तिनं मनगट धरलं. हात गार, ओला. नाडी मोजली, पुन्हा मोजली: एकशे अठ्ठावीस. ब्लड प्रेशर वरचं जेमतेम नव्वद. सकाळी दोन्ही व्यवस्थित होतं. पोटावर हात ठेवला तर पोट फळीसारखं कडक. लघवीच्या पिशवीत सकाळपासून नावाला भर पडलेली. तिनं आकडे तळहातावर पेननं लिहिले आणि जवळजवळ धावतच टेबलापाशी आली.

"सिस्टर, शेवटच्या कॉटवरचे काका मला ठीक वाटत नाहीत. सरांना फोन करू?"

थोरल्या सिस्टर डबा उघडत होत्या. त्या वाईट नव्हत्या. गुडघे गेलेले, रिटायरमेंट जवळ आलेली, वॉर्डात दोघींच्या जागी चौघी हव्यात हे सांगून सांगून घसा बसलेला. त्या म्हणाल्या, "फोनची वेळ होतच आलीय. सर आत्ता पानावर असतील. सगळ्यांबरोबर सांग की."

"पण नाडी..."

"अगं, पहिल्या महिन्यात मला सगळेच मरणार असं वाटायचं. जा, यादी कर. आणि क्रम चुकवू नकोस, मला ऐकून घ्यावं लागतं."

तिनं यादी केली, जेवणाची वेळ टळू दिली, आणि फोन लावला.

"नमस्कार सर. डिस्टर्ब केलं का? जेवण झालं ना सर?"

"झालं. बोल. एक नंबर?"

एक नंबरचं पोट साफ नव्हतं. चार नंबरची सुई सुजली होती. सात नंबरला उद्या घरी जायचं होतं आणि त्याच्या मेहुण्याला त्यासाठी दाखला हवा होता. मेहुण्याचं प्रकरण बरंच लांबलं, कारण मेहुणा टेबलाशी उभा राहून मध्ये मध्ये सुचवत होता. अकरा नंबरला खाज. पलीकडून आधी "हं, दे" येत होतं, मग "हं", मग नुसताच श्वास. तो श्वास ती लहानपणापासून ओळखत होती. हीच ती वेळ. डोळे जड झालेत, आता हळूच सांगायचं.

"आणि सर, ते शेवटचे शिंपीकाका... ते जरा बरे वाटत नाहीयेत."

"म्हणजे काय?"

"म्हणजे सर, गप्प गप्प आहेत सकाळपासून."

सर हसले. "बरंय की. तुमच्या वॉर्डात कुणीतरी गप्प आहे म्हणायचं."

तीही हसली. पुढे कित्येक वर्षं तिला दुसरं काही आठवलं नाही तरी हे आठवायचं, की आपण हसलो.

"पोट जरा दुखतंय म्हणतात."

"पोट फाडलंय, दुखणारच. बीपी वगैरे ठीक?"

तळहात तिच्या डोळ्यांसमोर होता. एकशे अठ्ठावीस. नव्वद. "जरा कमी आहे सर. नाडी पण जरा जास्त वाटते."

"दुखण्यानं होतं. दुखण्याचं इंजेक्शन दे. संध्याकाळी बघतोच. आणखी काही?"

"नाही सर. थँक्यू सर. सॉरी हं सर."

फोन ठेवल्यावर तिला हलकं वाटलं. सांगितलं एकदाचं. सर रागावले नाहीत. घरी वाढलेलं शहाणपण तिच्या पाठीवर थाप मारत होतं: बघ, कसं न दुखवता पोचवलंस. पोचलं काय होतं? एक म्हातारा, ऑपरेशननंतर थोडा कुरकुरतोय. बाकीचं सगळं तळहातावरच राहिलं होतं.

इंजेक्शन दिलं. काका शांत झाले. काकूंनी स्टूल न वाजवता मागे सरकवलं आणि ओठांवर बोट ठेवून तिला खुणावलं, झोपलेत. तिनं पुन्हा नाडी धरली तर ती मोजताच येईना, बोटाखालून निसटत होती. ती टेबलापाशी परत आली आणि तिनं रिसीव्हर उचलला. थोरल्या सिस्टर औषधांच्या कपाटातून म्हणाल्या, "आता काय? आत्ताच झाला ना फोन?"

"नाही, ते... काकांना..."

"सरांनी काय सांगितलं?"

"संध्याकाळी बघतो."

"मग? सर बघतो म्हणालेत ना? तुझा त्यांच्यावर विश्वास नाही का?"

तिनं रिसीव्हर खाली ठेवला.

संध्याकाळी सर आले, धुतलेले, ताजे. राउंड सुरू झाला. कुठून? दारापासून. एक नंबरला विचारलं, झालं का पोट साफ? चार नंबरची सुई बघितली. ती ट्रे घेऊन मागे उभी होती. लांब, खिडकीशी, काकू उभ्या राहिलेल्या दिसत होत्या, साडीचा पदर तोंडाशी धरून. दोन्ही हातांत ट्रे होता, पण तोंड तर मोकळं होतं. 'सर, आधी तिकडे चला' एवढंच म्हणायचं होतं. सात नंबरच्या मेहुण्यानं आणखी एक शंका काढली. सरांनी तिचं समाधान केलं. अकरा नंबरनं सदरा वर करून पाठ दाखवली. सगळं रीतीप्रमाणे चाललं होतं. आणि मग सर शेवटच्या कॉटपाशी आले, त्यांनी चादर वर केली, पोटावर हात ठेवला, आणि त्यांचा चेहरा बदलला.

"हे कधीपासून?"

तिनं ट्रे शेजारच्या कॉटवर ठेवला.

"अरे, हे कधीपासून असं आहे? मला कळवलं का नाही?"

त्यानंतर मात्र सगळे धावले. सरसुद्धा धावले, स्ट्रेचर त्यांनी स्वतः ढकललं. आतड्याचा जोड सुटला होता आणि घाण पोटभर पसरली होती. सोन्याचे हात बराच वेळ आत होते. दुपारी आत गेले असते तर काय झालं असतं, हे सरांनाही ठाऊक होतं आणि तिलाही. शिंपीकाका ऑपरेशनच्या टेबलावरच गेले.

चौकशी झाली. मेट्रनबाईंच्या केबिनमध्ये चार खुर्च्या, तिच्यासाठी पाचवी आणली नव्हती. सर तिच्यावर ओरडले नाहीत. ओरडले असते तर बरं झालं असतं, तिला निदान वडील आठवले असते. ते शांतपणे म्हणाले, "तू नाडी मोजली होतीस. बीपी घेतलं होतंस. पोट कडक आहे हे तुला कळलं होतं. यातला एक आकडा जरी मला सांगितला असतास तर मी चप्पल न घालता आलो असतो. का नाही सांगितलंस?"

आणि यातली सगळ्यात कडू गोष्ट ही की माणूस खरं बोलत होता. आला असता तो.

तिच्या मनात आलं, तुम्ही तरी आकडा का नाही विचारलात? 'ठीक?' असं विचारलंत, 'किती?' असं विचारलं असतंत तर? मनात आलं ते मनातच राहिलं. थोरल्या सिस्टर म्हणाल्या, "नवीन आहे सर." सगळ्यांनी मान हलवली. नवीन असणं हे एक दुखणं ठरलं आणि त्यावर उपचार म्हणून प्रशिक्षण ठेवलं गेलं.

सभागृहात पडदा लावला. विषय: घरी असलेल्या डॉक्टरांना रुग्णाची माहिती कशी द्यावी. व्याख्याते कोण, हे सांगायला नकोच. सरांनी फार सुरेख शिकवलं. आधी आपण कोण, कुठल्या वॉर्डातून बोलतोय. मग जे सगळ्यात वाईट आहे ते, पहिल्या वाक्यात. मग पेशंट कशासाठी दाखल आहे. मग आकडे: आत्ताचे आणि सकाळचे, म्हणजे फरक कळेल. मग तुम्हाला काय वाटतंय. आणि शेवटी तुम्हाला डॉक्टरांकडून काय हवंय ते स्पष्ट: औषध हवंय, सल्ला हवाय, की 'तुम्ही या'. दिलेली सूचना परत म्हणून दाखवा. "घाबरू नका," सर म्हणाले, "आम्ही काय खातो का तुम्हाला?" सभागृह हसलं. शब्द न् शब्द खरा होता. ती पहिल्या रांगेत बसून लिहून घेत होती आणि तिला वाटत होतं की कुणीतरी आपल्याच जखमेवर सुबक अक्षरात गिरवतंय. कॉटच्या क्रमाबद्दल कुणी अवाक्षर काढलं नाही. पुढच्या रविवारी फोन झाला तो दारापासूनच सुरू झाला.

काकू वॉर्डात राहिलेली काकांच्या कपड्यांची पिशवी न्यायला आल्या. तिच्याकडेच आल्या. तिचे दोन्ही हात धरून म्हणाल्या, "सिस्टर, तुम्ही डॉक्टरांना विचारून इंजेक्शन दिलंत म्हणून त्यांना शेवटी झोप तरी लागली. नाहीतर तळमळत गेले असते हो. तुमचे उपकार आहेत."

तिला वाटलं, आता सांगावं. या बाईला तरी सांगावं. ती म्हणाली, "काकू, तुम्ही बसा ना. पाणी आणू? कशा आलात, बसनं? गर्दी होती का?" काकूंनी गर्दीचं सांगितलं. मग मुलगा कुठे असतो ते. मग दुकान आता भाड्यानं देणार ते. तिनं प्रत्येक गोष्ट नीट विचारली, आणि सांगायच्या गोष्टीपाशी येईपर्यंत काकूंच्या परतीच्या बसची वेळ झाली.

काकू अजून बाजाराच्या वाटेवरच्या त्यांच्या जुन्याच गल्लीत राहतात. रस्त्यात दिसल्या की बरोबरच्या बाईला कौतुकानं सांगतात, "याच त्या सिस्टर." म्हणून ती त्या गल्लीनं जात नाही. बाजाराला जायला लांबचा रस्ता धरते.

माणसाची भाषा एका दिवसात बदलत नाही म्हणतात. तिची बदलली. आधी 'जरा' गेला. मग 'सॉरी हं' गेलं. मग जेवण झालं का, डिस्टर्ब केलं का, सगळं गेलं. माहेरी गेली तेव्हा दारातच म्हणाली, "बाबा, आईला मोतीबिंदू आहे, ऑपरेशन करायला लागेल, तारीख घेतलीय." बाबा ताट घेऊन बसले होते. घास हातातच राहिला. आई आत जाऊन रडली, मोतीबिंदूसाठी नव्हे. "पोरगी कशी ताडताड बोलते," म्हणाली, "असं वळण नव्हतं हो आमचं."

थोरल्या सिस्टर रिटायर झाल्या आणि टेबल तिच्याकडे आलं, तेव्हा तिनं कॉटचा क्रम मोडला. सर खवळले, वर तक्रार केली, 'उद्धट' हा शब्द तिच्या नावापुढे शाईनं लिहिला गेला. इनचार्जचं काम तिच्याकडे आलं, पद मात्र आजतागायत आलेलं नाही. नव्या मुली आल्या की ती त्यांना फोनपाशी उभं करते. मुलीनं "सर, रागावू नका, पण..." असं सुरू केलं की बाईंचं बोट फोनवर पडतं आणि फोन कटतो. "पुन्हा लाव." आता पलीकडे सर दुप्पट चिडलेले असतात. पण दुसऱ्या वेळेला पहिल्या वाक्यात आकडा येतो.

गेल्या रविवारी नऊ नंबरच्या रिक्षावाल्याची नाडी वाढली, पोट फुगलं, घाम सुटला. बाईंनी स्वतः फोन लावला. जेवणाची वेळ होती.

"सर, नऊ नंबर. कालचं ऑपरेशन. नाडी एकशे वीस, सकाळी ऐंशी होती. पोट ताठ. तुम्ही या."

"अगं, आत्ता? घास तोंडात आहे माझ्या. काय बघितलंस नीट सांग, इंजेक्शन..."

"इंजेक्शन नको. तुम्ही या."

"हुकूम देतेस?"

"हो सर."

सर आले. जेवण अर्धवट टाकून, पाय आपटत. त्यांनी रिक्षावाल्याला तपासलं, उलटंपालटं करून पुन्हा तपासलं, खालून नळी सरकवली, आणि रिक्षावाल्याच्या पोटातला कोंडलेला वायू असा काही दणक्यात सुटला की शेजारच्या कॉटवरचा म्हातारा दचकून उठून बसला. सगळा वॉर्ड हसला. रिक्षावाला पोट धरून हसला. सर हसले नाहीत. सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात ते म्हणाले, "या हॉर्नसाठी मला जेवणावरून उठवलंत बाई. वा. काय अनुभव, काय निदान! उद्या मेट्रनच्या केबिनमध्ये भेटू."

ते गेल्यावर नवी मुलगी ड्रेसिंगच्या खोलीत बाईंच्या मागे मागे गेली. "बाई, तुम्ही चुकलात म्हणून मला फार वाईट वाटलं. सगळ्यांसमोर असं बोलायला नको होतं त्यांनी."

बाई कात्र्या उकळत्या पाण्यात सोडत होत्या. "मी चुकले म्हणून तर नऊ नंबर बसून हसतोय."

"पण उद्या केबिनमध्ये काय सांगणार तुम्ही?"

"चुकले म्हणून सांगणार."

"आणि पुढच्या वेळी?"

"पुढच्या वेळी तू फोन लावायचास. माझा आवाज ऐकला की ते आता उचलणार नाहीत."

मुलीच्या चेहऱ्यावर स्पष्ट दिसत होतं की हे ऐकायला ती मागे मागे आली नव्हती. बाईंना ते दिसलं. एखादा मऊ शब्द बोलावा, असं त्यांना वाटलंसुद्धा. बराच वेळ शोधला, सापडला नाही. मग त्यांनी गॅस बारीक केला आणि म्हणाल्या, "नऊ नंबरची नाडी पुन्हा घेऊन ये."

मुलगी डोळे पुसत गेली.